रेग्युलर रक्तदात्यांसाठी सूचना - शरीराकडेही लक्ष द्या
मंडळी, पुढच्या रक्तदानाची तारीख जवळ येतेय म्हणून आठवण करतोय, पण आधी स्वतःची तब्येत बघा. एका वेळी साधारण ३५० ते ४५० मिली रक्त जातं, त्यातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, लाल पेशींना मात्र चार ते सहा आठवडे तरी लागतात आणि लोह भरून यायला तर काही महिनेही जातात, कारण एका पिशवीबरोबर २०० ते २५० मिलीग्रॅम लोह जातं. हिमोग्लोबिन नॉर्मल दिसलं तरी लोहाचा साठा कमी असू शकतो, म्हणून वर्षातून अनेकदा देणाऱ्यांनी, खासकरून बायकांनी, फेरिटिनची (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी) टेस्ट करून घ्या. जिना चढताना दम लागतोय, उगाच चिडचिड होतेय, कशात लक्ष लागत नाहीये तर ते अंगावर काढू नका, लोह कमी झाल्यानंही असं होतं.

रक्त दिल्यावर मनाला जे समाधान मिळतं ते खरंच असतं, कापसाचा बोळा दाबून बसलेलो असतो तेव्हा दरवेळी मला ते जाणवतं. पण झोप झाली नसेल, टेन्शन असेल, पोट रिकामं असेल तर चक्कर यायची शक्यता वाढते. अशा वेळी सरळ तारीख पुढे ढकला, कुणी काही म्हणणार नाही. येताना भरपूर पाणी पिऊन या आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं तिथेच बसा.