सॅम्पल अजून लॅबला पोचलेलं नाही

घाटकोपर, मुंबई
4 जानेवारी 2026

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, सगळी नोकरी लॅबमध्ये काढलीस, आणि तुला अजून उडत्या तबकड्यांचं वेड कसं?" तेव्हा मी विषय वाढवला नाही. पण प्रश्न खरा आहे, आणि दोन मिनिटांत उरकावा असा नाही. म्हणून सवडीने लिहायला बसले.

आधी तू पाठवलेल्या व्हिडिओचं सांगते. 3आय/अ‍ॅटलास हे त्यात म्हटल्यासारखं परग्रहावरचं यान नाही, धूमकेतू आहे. 1 जुलै 2025 ला चिलीमधल्या दुर्बिणीला तो सापडला. सूर्यमालेबाहेरून आलेली ही आपल्याला ठाऊक असलेली तिसरीच वस्तू. पहिली 2017 मधली ओमुआमुआ, दुसरी 2019 मधला बोरिसोव्ह. सूर्याजवळ आल्यावर त्याच्यातून वायू आणि धूळ सुटली, कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात सापडला, शेपटी दिसली. 19 डिसेंबरला तो आपल्याला सर्वांत जवळ होता तेव्हाही अंतर सुमारे 27 कोटी किलोमीटर होतं. हार्वर्ड विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅवी लोब यांनी तो कुणीतरी बनवलेला असू शकेल, अशी शक्यता मांडली होती. शक्यता मांडायला माझी हरकत नाही, पण आलेलं प्रत्येक निरीक्षण धूमकेतूच्या बाजूने गेलं. मी जुलैपासून त्याच्या बातम्या रोज शोधून वाचत होते. तो यान निघावा असं मला वाटत होतं का? हो, अगदी मनापासून.

हेच तुला सांगायचं आहे. तिकडे कुणीतरी असावं असं मला लहानपणापासून वाटतं. आणि एखादी गोष्ट खरी निघावी अशी ज्याची इच्छा असते, त्यानेच ती सगळ्यांत कडक तपासली पाहिजे. तुला हे दोन स्वभाव एका माणसात बसत नाहीत असं वाटतं. माझ्यात ते कायम एकत्रच राहिले.

वेड लागलं ते 1979 मध्ये. अमेरिकेची स्कायलॅब पडणार म्हणून तेव्हा सगळीकडे घबराट होती. मी सहावीत होते, आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. कुणी म्हणे समुद्रात पडणार, कुणी म्हणे थेट गिरण्यांवर. जुलैचा पाऊस, आकाश ढगांनी भरलेलं, काही दिसण्याची शक्यताच नव्हती, तरी आम्ही सगळी पोरं गॅलरीत वर बघत उभी. 11 जुलैच्या रात्री ती हिंदी महासागरावर फुटली आणि तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात जाऊन पडले. तुझ्या आजोबांनी मला सांगितलं की ती माणसाने वर ठेवलेली प्रयोगशाळा होती, तिच्यात माणसं महिनोन् महिने राहून आली होती. मी विचारलं, आपण असं काही वर ठेवू शकतो, तर दुसऱ्या कुणी ठेवलं नसेल कशावरून? आजोबा "नसेल कशावरून," एवढंच म्हणाले आणि रात्रपाळीच्या तयारीला लागले. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही, याचं महत्त्व मला आता कळतं.

त्यानंतर मिळेल ते वाचलं. 24 जून 1947 ला केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला अमेरिकेतल्या माउंट रेनियरजवळ नऊ चकचकीत वस्तू अतिशय वेगाने जाताना दिसल्या, तिथून उडत्या तबकड्यांचं युग सुरू झालं. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्याच रॉसवेल गावाजवळ तबकडीचे अवशेष सापडल्याची बातमी आली. ते अवशेष अणुस्फोटांचा कानोसा घेणाऱ्या गुप्त बलूनचे होते, असं अमेरिकी हवाई दलाने 1994 मध्ये सांगितलं. त्यांनी 1947 ते 1969 या काळातल्या तबकड्या दिसल्याच्या 12,618 नोंदी तपासल्या आणि 701 नोंदींचा उलगडा झाला नाही. या 701 वर लोक मोठमोठे इमले बांधतात. मी तसं करत नाही. बहुतेक ठिकाणी कुठून पाहिलं, किती वेळ पाहिलं, अंतर किती, हेच पुरेसं नोंदलेलं नव्हतं. अपुऱ्या माहितीवरून "यान होतं" म्हणता येत नाही आणि "थाप होती" असंही म्हणता येत नाही.

थाप म्हणणाऱ्यांचा मला जास्त राग येतो, खरं सांगते. 2012 मध्ये लडाखला पँगाँग सरोवराच्या भागात आपल्या जवानांना रात्री आकाशात प्रकाशाचे गोळे दिसू लागले. चीनचे ड्रोन असावेत असा संशय आला. ते जवान खोटं बोलत नव्हते की घाबरट नव्हते. त्यांनी जे दिसलं ते नीट नोंदवलं, म्हणूनच बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांना ते ओळखता आलं. गुरू आणि शुक्र निघाले. तिथली हवा इतकी विरळ आणि स्वच्छ असते की हे ग्रह आपल्याला सवय असते त्यापेक्षा कितीतरी तेजस्वी दिसतात. पाहणाऱ्याचा मान राखून उत्तर शोधलं की असं होतं.

आपल्या गच्चीवरही हेच आहे. रात्री पूर्वेला बघ. विमानतळावर उतरणारी विमानं आपल्याकडे तोंड करून रांगेने येतात, पुढचा दिवा सरळ डोळ्यांवर येतो आणि कितीतरी वेळ जागचा हलत नाही. सोसायटीतली मुलं मला हाक मारतात, "काकू, तबकडी!" मी प्रत्येक वेळी वर जाते. आजवर विमानं निघाली, शुक्र निघाला, एकदा स्टारलिंकच्या उपग्रहांची रांग निघाली. ज्याचा उलगडा झाला नाही असं मी स्वतः अजून काहीही पाहिलेलं नाही. तरी पुढच्या हाकेलाही वर जाणार आहे.

अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांनी टिपलेले, न ओळखता आलेल्या वस्तूंचे तीन व्हिडिओ पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, एप्रिल 2020 मध्ये अधिकृतपणे खुले केले, तेव्हा तू मला रात्री उठवून दाखवले होतेस. मार्च 2024 मध्ये त्यांच्याच कार्यालयाने जुन्या सगळ्या प्रकरणांचा अहवाल दिला आणि परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा काही पुरावा मिळाला नाही असं म्हटलं. तेव्हापासून तू हा विषय सोडलास. मला वाटतं तू चुकीच्या जागी थांबलास. तबकड्यांचा पुरावा नाही, इथे गोष्ट संपत नाही. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट तिथून सुरू होते, कारण आपल्याला पहिली खूण सापडेल ती बहुधा एखाद्या जंतूची असेल, आणि जंतू हा माझा प्रांत आहे.

तू आता ज्या हैदराबादेत राहतोस तिथूनच हा प्रयोग झाला होता, हे तुला माहीत आहे का? तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बलून केंद्रावरून एप्रिल 2005 मध्ये इस्रोने एक बलून सोडला. कल्पनेमागे जयंत नारळीकर होते. जीवसृष्टीचं बीज अवकाशातून येत असेल का, हा फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे या खगोलशास्त्रज्ञांचा प्रश्न त्यांना प्रत्यक्ष तपासायचा होता. निर्जंतुक केलेल्या, आतली हवा काढून टाकलेल्या 16 पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवून वर पाठवल्या. 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत गोळा झाली आणि पॅराशूटने त्या खाली आल्या. सॅम्पल दोन ठिकाणी तपासली, हैदराबादला सीसीएमबी आणि पुण्याला एनसीसीएस या पेशींवर संशोधन करणाऱ्या संस्थांमध्ये. जिवाणूंच्या 12 आणि बुरशीच्या 6 वसाहती उगवल्या. त्यांत तीन जिवाणू पूर्वी कुणालाही माहीत नसलेले निघाले, आणि अतिनील किरणं ते आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा जास्त सोसत होते. एकाला हॉइल यांचं नाव दिलं, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं.

2009 मध्ये ही बातमी आली तेव्हा लॅबमध्ये दिवसभर मी दुसरं काही बोलले नाही. पण माझा पहिला प्रश्न कंटॅमिनेशनचाच, म्हणजे बाहेरचे जंतू सॅम्पलमध्ये मिसळले का, हाच होता. प्लेटवर काही उगवलं की आधी आपल्या हातावर संशय घ्यायचा, मग हवेवर, मग मीडियावर, म्हणजे जंतू वाढवायला प्लेटमध्ये घातलेल्या खाद्यावर, आणि सगळ्यांत शेवटी पेशंटवर. त्यांनी तुलनेसाठी कंट्रोल नमुने ठेवले होते, त्यामुळे जंतू खरोखर तेवढ्या उंचीवरचे आहेत यावर भरवसा ठेवता येतो. मात्र ते वरून खाली आले की पृथ्वीवरूनच तिथवर पोचले, हे त्यातून ठरत नाही, आणि ते पृथ्वीबाहेरचेच आहेत हे सिद्ध झालेलं नाही असं इस्रोनेही स्पष्ट लिहिलं. याला मी चोख रिपोर्ट म्हणते. नारळीकरांचं मराठी लिखाण वाचत मी मोठी झाले. गेल्या मे महिन्यात ते गेले तेव्हा मला हाच प्रयोग आधी आठवला. एवढा मोठा माणूस लोक हसतील का याचा विचार न करता प्रश्न विचारतो, आणि उत्तर हवं तसं आलं नाही तर तसं सांगतो.

जंतू किती चिवट असतात ते लोणारला दिसतं. उल्कापाताने झालेलं जवळजवळ दोन किलोमीटर व्यासाचं विवर, त्यात खारं आणि अल्कधर्मी पाणी. 2020 च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं, तेव्हा लोकांनी नाही नाही त्या गोष्टी जोडल्या. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं तर मिठात सुखाने वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले. मासा जगणार नाही अशा पाण्यात इतकी गर्दी की तळ्याचा रंग पालटला.

आता मंगळाकडे बघ. नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीने जुलै 2024 मध्ये चेयावा फॉल्स नावाच्या खडकाचं सॅम्पल घेतलं. त्या खडकावर बिबट्याच्या ठिपक्यांसारखे डाग आहेत, आणि त्यांत जी खनिजं आहेत ती पृथ्वीवर बऱ्याचदा जंतूंच्या उद्योगामुळे तयार होतात. जिवाशिवायही होऊ शकतात. सप्टेंबर 2025 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात त्यावर शोधनिबंध आला, त्यात जीवाची संभाव्य खूण एवढाच दावा आहे. सॅम्पल नळीत बंद होऊन मंगळावरच आहे. मी रात्र रात्र त्याचा विचार करते. सॅम्पल घेतलंय, लेबल लागलंय, आणि लॅबला पोचायला गाडी नाही. आयुष्यभर सॅम्पलची वाट बघणाऱ्या बाईला हे किती छळत असेल!

तू त्या दिवशी भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीचा प्रश्न टाकलास, "मग आहेत कुठे ते?" 1950 चा प्रश्न आहे आणि चांगला आहे. 1960 मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी दोन ताऱ्यांकडे रेडिओ दुर्बीण वळवली तेव्हापासून आपण तिकडच्या संदेशासाठी कान लावून आहोत, आणि खात्रीने काही ऐकू आलेलं नाही. पण मी हजारो कल्चर रिपोर्टवर "48 तासांनंतर नो ग्रोथ" लिहिलंय. त्याचा अर्थ एवढाच असतो, की या सॅम्पलमध्ये, या मीडियावर, एवढ्या वेळात काही उगवलं नाही. टीबीच्या जंतूला आठवडे लागतात, त्याला वेगळा मीडिया लागतो. दोन दिवसांनी प्लेट फेकून "पेशंटला काही नाही" म्हणणाऱ्याला मी लॅबमध्ये उभं केलं नसतं. 1995 पर्यंत सूर्यासारख्या ताऱ्याभोवती एकही ग्रह आपल्याला माहीत नव्हता, आज खात्री झालेल्या परग्रहांचा आकडा 6,000 च्या पुढे आहे. एवढ्या लवकर निकाल देऊ नकोस.

आणि आपण फक्त ऐकतच बसलोय असंही नाही. 1977 मध्ये सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रणाची तबकडी आहे, तिच्यात 55 भाषांतले नमस्कार आहेत. त्यात मराठी आहे. केसरबाई केरकरांची भैरवी आहे. व्हॉयेजर 1 सुटलं 5 सप्टेंबरला, आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या, इथे मुंबईत. या नोव्हेंबरात ते यान इतकं लांब पोचेल की प्रकाशालाही तिथे जायला पूर्ण एक दिवस लागेल. ते कुणाला सापडेल याची शक्यता जवळजवळ शून्य आहे, हे पाठवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तरी पाठवलं. मला त्या माणसांबद्दल फार माया वाटते.

संक्रांतीला येतोस तेव्हा बाबांची 10 बाय 50 ची दुर्बीण आठवणीने आण. या 10 तारखेला गुरू सूर्याच्या बरोबर समोर येतोय, म्हणजे महिनाभर तो अंधार पडल्यावर पूर्वेला मिथुन राशीत दिसेल. मुंबईच्या उजेडातही तो लपत नाही. दुर्बीण कठड्यावर टेकवून धरली की बाजूला त्याचे चार चंद्र दिसतात. त्यातला युरोपा मला तुला दाखवायचा आहे. त्याच्या बर्फाखाली खारा समुद्र असल्याचे भक्कम पुरावे आहेत, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये निघालेलं युरोपा क्लिपर यान तिथे एप्रिल 2030 मध्ये पोचणार आहे. चौघांपैकी युरोपा कुठला ते त्या रात्रीच्या तक्त्यावरून मी आधी काढून ठेवते. दुर्बिणीच्या काचा तिथे पुसत बसू नकोस, लॅबचा लेन्स पेपर माझ्याकडे आहे. पट्टा तुटला असेल तर तसाच आण, इथे स्टेशनजवळ शिवून मिळेल.

तुझी,
आई