मोफत वीजही मोजूनच द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महावितरणच्या थकबाकीची बातमी आली की चर्चा फिरून फिरून शेतीपंपांवर येते. आकडा हजारो कोटींचा असतो, पण तो कशावरून काढला हे फारसे कोणी विचारत नाही. वीज कायदा १० जून २००३ रोजी लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे दोन वर्षांनंतर, वीज नियामक आयोगाने मुदत वाढवून दिली नसेल तर, मीटरशिवाय वीज देता येत नाही. ती दोन वर्षे भरली त्याच जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरणचे काम सुरू झाले. तरीही हॉर्सपॉवरवर बिल होणारे विनामीटर पंप राहिलेच. मीटर आहे त्यांच्यातही अनेकांच्या बिलावर रीडिंगच्या जागी ‘फॉल्टी’ किंवा ‘लॉक’ असा शेरा असतो आणि पुढे सरासरी युनिट लावलेले असतात.

या सरासरीचा हिशेब करून बघा. पाच एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट. रोज आठ तास धरले तर ९० दिवसांत सुमारे २,६८५ युनिट होतात. आता ही तिमाही जुलै ते सप्टेंबरची घ्या. पंचगंगा पात्राबाहेर पडायच्या आत काठावरचे शेतकरी मोटारी वर काढतात, उसाला पावसाचेच पाणी होते. मोटार तिमाहीत शंभर तास चालली असेल तर खरा वापर ३७३ युनिट. उरलेली सुमारे २,३०० युनिट न वापरताच शेतकऱ्याच्या नावावर चढली.

कंपनीने विकत घेतलेली एकूण वीज ठरलेली असते. तिच्यातली जितकी जास्त युनिट पंपांच्या खात्यावर टाकावीत, तितकी वितरण गळती कागदावर कमी दिसते. आकडे टाकून चोरलेली वीज, लांबच लांब लघुदाब वाहिनीत उष्णता होऊन गेलेली वीज, सगळे पंपाच्या खात्यात मावते. मग त्या फुगलेल्या युनिटांचे बिल होते, ते न भरल्याने त्यावर सव्वा टक्का विलंब आकार आणि पुढे व्याज चढते, काही वर्षांनी माफीची योजना येते. २०२० च्या कृषिपंप धोरणात हेच झाले. जी रक्कम मुळात देय होती की नव्हती हेच नक्की नाही, तिच्या माफीचे श्रेय घेतले जाते आणि शेतकऱ्याच्या कपाळावर ‘थकबाकीदार’ हा शिक्का राहतो. आम्हाला हे अन्यायाचे वाटते.

जुलै २०२४ च्या बळीराजा मोफत वीज योजनेने हा प्रश्न संपला असे मानणे चुकीचे आहे, उलट तो अवघड झाला. साडेसात एचपीपर्यंतचे सुमारे ४४ लाख पंप आणि वर्षाला सुमारे १४,७६० कोटी रुपये असा या योजनेचा अंदाज होता. आधी बिल जास्त आले की शेतकरी कागद घेऊन शाखा कार्यालयात भांडायला तरी जायचा. आता बिल शून्य, त्यामुळे युनिट तपासायला कोणी जाणार नाही. फुगवलेल्या युनिटांचे पैसे आता सरकार भरणार, म्हणजे सगळे करदाते. कलम ६५ सांगते की अनुदान सरकारने कंपनीला आगाऊ द्यायचे. ते उशिरा आले की कंपनीला कर्ज काढावे लागते, निर्मिती कंपन्यांची देणी तटतात. देणी थकली तर काय होते हे ऑगस्ट २०२२ मध्ये दिसले. विलंब अधिभाराच्या नव्या नियमांखाली १३ राज्यांतील वितरण कंपन्यांना वीज बाजारातील खरेदी-विक्रीस मनाई झाली, त्या यादीत महाराष्ट्राचेही नाव होते. अखेर भार येतो दरावर. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना इंडक्शन भट्टीच्या प्रत्येक युनिटमागे क्रॉस सबसिडी, म्हणजे इतरांची स्वस्त वीज भरून काढणारा जादा दर, मोजावी लागते, ती याच साखळीतून.

उपाय नवा नाही, नेटाने करायचा आहे. उपकेंद्रातील फीडरचे (तिथून निघणाऱ्या मुख्य वाहिनीचे) मीटर, प्रत्येक डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) मीटर, आणि त्या डीपीवरचा प्रत्येक ग्राहक नोंदलेला. समजा डीपीच्या मीटरवर महिन्यात १०,००० युनिट आली आणि खालच्या ग्राहकांची बेरीज ७,८०० भरली. तारेची लांबी आणि भार यावरून तांत्रिक गळती ९०० निघाली, तर १,३०० युनिटांचा जाब द्यायचा आहे. हा हिशेब कुठे बिघडतो हेही ठाऊक आहे. डीपीचा मोठा प्रवाह मीटरसाठी लहान करून देते ती सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर), म्हणून रीडिंगला गुणक लावावा लागतो: शंभरास पाचच्या सीटीला गुणक २० आणि दोनशेस पाचला ४०. शंभरची सीटी बदलून दोनशेची बसवली पण गुणक तोच राहिला, तर निम्मी वीज हिशेबातून गायब होते. डीपी जळाली की वायरमन भार शेजारच्या डीपीवर टाकतो, पण ग्राहकांची नोंद जुन्याच डीपीवर राहते. एक डीपी तोट्यात, दुसरी नफ्यात! डीपीचे रीडिंग महिन्याला आणि पंपांचे तीन महिन्यांनी घेतले, तर ताळा जमणारच नाही. महापुरात बुडालेले मीटर पाणी ओसरल्यावर बदलले नाहीत, तर त्यांची सरासरी वर्षानुवर्षे चालू राहते.

तांत्रिक गळतीत शेतकऱ्यांचाही वाटा आहे, तो मान्य केला पाहिजे. ऑटोस्विचमुळे वीज आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात, डीओ (डीपीचा फ्यूज) उडतो, डीपी जळते. पाच एचपीला साधारण दोन केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावायचा असतो, तो बहुतेक ठिकाणी काढून ठेवलेला किंवा निकामी असतो, त्यामुळे मोटार तारेतून जादा प्रवाह ओढते. प्रवाह २० टक्क्यांनी वाढला की तारेतली गळती ४४ टक्क्यांनी वाढते आणि शेवटच्या पंपाला विजेचा पुरेसा दाब मिळत नाही. ग्रामपंचायतींच्या दिवाबत्ती आणि नळपाणी योजनांची थकबाकीही मोठी आहे. तिथे तर देणारे आणि घेणारे दोघेही सरकारीच.

स्मार्ट मीटरला कोल्हापुरात विरोध झाला. घरोघरी मीटर बदलण्याचा आग्रह धरण्याआधी फीडर आणि डीपीवरचे मीटर चालू करून त्यांचे आकडे गावाला दाखवले असते, तर विश्वास बसायला मदत झाली असती. ते आजही करता येईल. दर तिमाहीला प्रत्येक फीडरचे चार आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा: आलेली युनिट, प्रत्यक्ष रीडिंगवर बिल झालेली युनिट, सरासरीने लावलेली युनिट आणि सरकारकडून येणे असलेली रक्कम. वीज नियामक आयोग दरनिश्चितीच्या वेळी जनतेच्या हरकती मागवतो. जिल्ह्यातील शेतकरी संघटना, उपसा जलसिंचन संस्था आणि उद्योजकांनी तिथे एकच मागणी एकत्र मांडावी, की सरासरीने लावलेली युनिट वेगळ्या रकान्यात दाखवा आणि फीडरच्या मीटरशी ताळा जमल्याशिवाय त्यांना ‘शेतीचा वापर’ म्हणून मान्यता देऊ नका.

आपले,
वीज वितरणात काम केलेले काही अभियंते, कोल्हापूर