लॅबमधल्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

परवा नर्सिंगला सीट मिळाल्याचं पत्र आलं. गावी फोन झाले, पेढे वाटून झाले, पण तुमचे आभार मानायला समोर आले की माझा गळाच दाटून येतो. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय. इथे न्यू जर्सीत माझ्यासारख्या कितीतरी जणी आहेत. महाराष्ट्रातली बी.एस्सी. झालेल्या, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, आणि पुढं काय करायचं हे कुणी धड न सांगितलेल्या.

आधी ज्या कॉलेजात गेले होते, तिथल्या काउंटरवरच्या बाईंनी माझी मार्कशीट उघडूनही पाहिली नाही. मेडिकल बिलिंगचं पत्रक हातात दिलं आणि पुढच्याला हाक मारली. आपल्या माणसांनी तर कहर केला. ‘दोन वर्षांचं कॉलेज? तिथे काय कुणीही जातं!’ हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही केवढ्या चिडला होतात! दोन वर्षांच्या नर्सिंगचा प्रयोग अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापिका मिल्ड्रेड माँटॅग यांनी 1952 साली सुरू केला, आणि आजही दोन वर्षांची असो की चार वर्षांची, परवान्याची परीक्षा दोघींना एकच, एनक्लेक्स-आरएन, हे मला तुमच्याकडून कळलं. त्या काउंटरवर एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर!

पण ताई, माझ्या मनात घर करून आहे ती ओपन लॅबमधली, म्हणजे तास नसताना सरावासाठी उघड्या ठेवलेल्या लॅबमधली, संध्याकाळ. हाडांची नावं पाठ करून करून डोकं बधिर झालं होतं. तुम्ही स्टूल ओढून शेजारी बसलात, खोक्यातून स्कॅप्युला, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, काढून माझ्या हातात दिलीत आणि डोळे मिटायला सांगितलेत.

“पाठ करू नकोस. आधी स्वतःच्या खांद्यामागे हात फिरव, उंच कड लागते ना? तीच ही. ती पाठीकडे धर, खोबण बाहेरच्या बाजूला, टोक खाली. आता सांग, कुठल्या खांद्याला बसतंय?”

“उजव्या.”

“मग येतंय की तुला!”

बस, एवढंच. या देशात आल्यापासून ‘तुला येतंय’ असं मला कुणी म्हटलंच नव्हतं. प्रॅक्टिकलला घंटा वाजली की पुढच्या टेबलावर सरकायचं, तेव्हाही हात आपसूक स्वतःच्या खांद्याकडे, कोपराकडे, गुडघ्याकडे जात होता.

तुमची ड्यूटी तेव्हा संपलेली होती, कोट अंगात होता, हे मी पाहिलं होतं. अशी माणसं उपकाराची भाषा करत नाहीत. समोरच्याला कमी न लेखता शिकवतात आणि आपल्या वाटेनं निघून जातात. व्हिएतनामच्या मुलीला, हैतीहून आलेल्या त्या आजींनाही तुम्ही असंच शिकवताना मी पाहिलंय.

सप्टेंबरपासून क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष शिक्षण, सुरू होईल. त्याआधी एका रविवारी काकांना घेऊन जेवायला या. पुरणपोळी करते. नाही म्हणू नका.

तुमची विद्यार्थिनी