भुरीच्या उडीचा हिशेब

नागपूर, ११ फेब्रुवारी

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

भुरी आणि लॅब्रॅडॉर या तुमच्या कुत्र्यांना घेऊन तुम्ही दोघं इकडे राहायला येणार, म्हणून आपलं परस बंदिस्त करायचा तू काढलेला नकाशा चष्मा लावून दोनदा पाहिला. रेघा सरळ आल्यात, पण पुण्यात बसून काढलाय हे लगेच कळतं. काल बाबा आणि मी टेप घेऊन परसात उतरलो. त्यांनी टोक धरलं आणि आकडे मी लिहिले, म्हणून आकड्यांवर भरवसा ठेव.

कंपाउंड पाच फुटांचं, वर दीड फूट जाळी चढवली की झालं, असं तू म्हणतोस. पण भिंतीला लागून धुण्याचा दगड आहे, दोन फूट उंच. पलीकडे कूलरचं स्टँड आणि मागच्या बांधकामातल्या उरलेल्या विटा. भुरी उडी मारणार ती दगडावरून, म्हणजे तिच्यापुढे उरते साडेचार फुटांची भिंत. तुझा लॅब तिथं बसून शेपूट हलवेल, पण गावठी कुत्रीला एवढं काहीच नाही. तेव्हा दगड आणि विटा आधी हलतील. कूलरचं स्टँड मी बाहेरच्या बाजूला घ्यायला सांगितलंय, नाहीतर वायर चावली जायची. वरची जाळी सरळ नको, आतल्या बाजूला कलती हवी. काटेरी तार बाबांनी सुचवली होती, मी ऐकून घेतलं नाही.

खांबांचं मात्र नीट ऐक. आपली माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरवर रोवलेला खांब दोन पावसाळ्यांत कलतो. शेजारच्यांचं कुंपण बघितलंस ना, दारू प्यायल्यासारखं उभं आहे! अडीच फूट खड्डा, तळाला मुरूम ठोकून मग काँक्रीट. कोपऱ्याच्या खांबांना तिरका टेकू. आणि भुरी उकरते म्हणून जाळी खाली आतल्या बाजूला दोन फूट वळवून मातीखाली दाबायची. उकरायला लागली की पंजे जाळीवरच अडतील.

कुत्र्यांना मोकळं सोडायचा, तू ज्याला रन म्हणतोस तो पट्टा तू मागच्या भिंतीशी काढलास. तो तिथं नको. आपलं घर पश्चिममुखी, म्हणून मे महिन्यात तीनच्या सुमाराला सावली येते ती स्वयंपाकघरापासून दहाएक फुटांपर्यंतच. मागच्या भिंतीशी ती पोचेपर्यंत कुत्री भाजून निघतील. २०१३ च्या मे महिन्यात इथं पारा ४७.९ वर गेला होता, तू तेव्हा हॉस्टेलवर होतास. म्हणून पट्टा घराला लागून, सहा फूट रुंद आणि अठरा फूट लांब. वर नुसता टिनाचा पत्रा टाकला तर तवाच होईल. माळ्यावर जुने कवेलू, म्हणजे कौलं, पडलेत, ते वापरू. कमी पडले तर पत्र्यावर तुराट्यांचा थर. खाली अर्धी शहाबादी फरशी, मोरीकडे उतार देऊन, अर्धी माती तशीच. फरशीवर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेववत नसेल, तर त्या वेळी कुत्र्यांना बाहेर सोडायचं नाही. भिंतीच्या भेगा बुजवून घेते, गोचीड तिथंच अंडी घालतात.

बिट्टी आणि लाल कण्हेर, दोन्ही कुत्र्यांना विषारी. बिट्टी कालच तोडली. कण्हेर समोरच्या वाफ्यात हलवली, तिथं कुत्री जात नाहीत. देवाला फुलं कमी पडतील, पण देव समजून घेईल.

आता फाटक. आपला आधीचा कुत्रा मोत्या आठवतो ना? भिंत चांगली होती, जाळी चांगली होती, आणि सिलिंडरवाल्यानं फाटक उघडं टाकलं. दोन दिवसांनी मानेवाड्याकडे सापडला, एक पाय सुजलेला. तेव्हापासून मला भिंतीची भीती वाटत नाही, फाटकाची वाटते. म्हणून दोन फाटकं हवीत, मध्ये चार फूट मोकळी जागा, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दोन्ही आत उघडणारी, म्हणजे कुत्र्यानं रेटलं तर उलट घट्ट बसतील. स्प्रिंग लावून घेऊ आणि कडी माझ्या खांद्याच्या उंचीवर, बाबांच्या नको.

आणि एक. तुम्ही दोघं नोकरीला गेलात की कुत्री दिवसभर त्या पट्ट्यात कोंडायची असा बेत असेल, तर आत्ताच सांग. तास-दोन तास ठीक आहे. बाकी वेळ ती घरात, माझ्या कूलरपुढे. सकाळी सहाला फिरवायला तूच नेशील. बाबांचे गुडघे आता लॅबची ओढ सोसत नाहीत.

वेल्डिंगवाला रविवारी येतोय. जाळीचा भाव त्यानं फोनवर सांगितला तो मला जास्त वाटतो, इतवारीत लोहा ओळीत विचारून येईन.

तुझी
आई

ता. क. भुरीच्या डोक्याची रुंदी मोजून शनिवारपर्यंत कळव. फाटकाच्या गजांमधलं अंतर त्यावरून ठरवायचंय. अंदाजे नको, टेपनं मोज.