शुक्रवारी ‘उंबरठा’ : वेळेवर या

मंडळी,

येत्या शुक्रवारी संध्याकाळी ५.३० वाजता मराठी विभागाच्या सभागृहात, दुसऱ्या मजल्यावर, ‘उंबरठा’ (१९८२, दिग्दर्शक जब्बार पटेल) दाखवणार आहोत. स्मिता पाटील यांची सुलभा शिकलेली, खात्यापित्या घरची सून. महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून परगावी नोकरी धरते, लहान मुलगी घरी ठेवून. नवरा वकील आहे, खलनायक नाही. म्हणूनच चर्चा रंगेल असं वाटतं.

• दार ५.४५ ला बंद. गेल्या वेळी मध्यंतरापर्यंत लोक खुर्च्या सरकवत आत येत होते.
• सिनेमानंतर चहा, मग चर्चा. कप आपापला आणा.
• मुलींच्या वसतिगृहाचं फाटक ९ ला बंद होतं. उशिराच्या परवानगीसाठी नावं बुधवारपर्यंत द्या, पत्र आम्ही नेऊ. मुलांच्या वसतिगृहाला असं पत्र लागत नाही, तोही विषय चर्चेत घेऊ.
• ‘आमच्या घरी असं काही नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी आईला विचारून यावं.
• शेवट माहीत असेल तर कृपया शेजाऱ्याला सांगू नका.

खुर्च्या लावायला चौघं हवेत, ५ वाजता. या वेळी मुलांनी नावं द्यावीत.

– चित्रपट मंडळ