आईची चमकी

प्रिय दादा आणि वहिनी,

व्हॉट्सअ‍ॅपवर हे लिहिता येत नाही, फोन अर्धा वेळ आईच्या हातात असतो, म्हणून मेल करतेय. दोघं मिळून वाचा, आणि दादा, वाचून होईपर्यंत चिडू नकोस.

आईला खरं काय ते सांगूया आता, कॅन्सर आहे म्हणून. "नाकात गाठ होती, काढली, आता शेक देतायत" एवढ्यावर आपण तिला गेले तीन महिने ठेवलंय. अरे, आठवड्यातून पाच दिवस ठाण्याहून खारघरला टाटाच्या कॅन्सर सेंटरला रेडिएशनच्या शेकासाठी नेतोस तिला, तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई, तिला गेटवरचा बोर्ड वाचता येत नाही का? परवा तू दूध आणायला खाली गेला होतास तेव्हा कॉलवर हळूच म्हणाली, "छोटे, मेलानोमा म्हणजे काय गं? फाईलमध्ये लिहिलंय." आणि मी काय केलं, तर नेटवर्क जातंय म्हणून कॉलच कट केला. नंतर किचनमध्ये उभी राहून रडले, पण रडून काय, खोटं तर बोललेच ना.

आता काकूंचं ते, "गच्चीवर उन्हात पापड वाळवत बसायची म्हणून झालं". प्लीज हे आईसमोर कुणाला बोलू देऊ नका. इथे मेलबर्नला मेलानोमा म्हटलं की ऊनच, १९८१ पासून शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला अशी जाहिरात चालू आहे, माझ्या ओवीच्या शाळेत टोपी नसेल तर ग्राउंडवर सोडतच नाहीत. पण तो त्वचेचा झाला. मेलानोमा म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, आणि त्या पेशी नाकाच्या, तोंडाच्या आतल्या अस्तरातपण असतात, तिथे कुठलं आलंय ऊन? आईचा हा तिथला आहे, म्यूकोजल. गोऱ्या लोकांत शंभर मेलानोमात असा जेमतेम एखादा निघतो, आपल्या आशियाई लोकांत त्यामानाने जास्त. का होतो ते डॉक्टरांनापण नीट माहीत नाही. पापडाने नाही होत एवढं नक्की.

आधीच्या नाकाच्या डॉक्टरांनी सात महिने सायनस म्हणून ड्रॉप्स दिले, त्याचा राग मलापण आहे. नाक चोंदणं, थोडं रक्त येणं, कुणालाही सर्दीच वाटणार, पण एकदा दुर्बीण घालून बघायला काय जात होतं? असो. आई त्या वेळी काळपट डाग पडलेले रुमाल घडी करून उशीखाली ठेवायची हे वहिनीने सांगितल्यापासून डोळ्यासमोरून जात नाही.

पुढच्या व्हिजिटला दोन गोष्टी विचारा. बायॉप्सीचा ब्लॉक, म्हणजे गाठीचा जपून ठेवलेला तुकडा, सी-किट आणि बी-रॅफ ह्या जीन्सच्या टेस्टला गेलाय का, कारण किटमध्ये बदल सापडला तर त्यावर गोळी असते, सगळ्यांत नाही सापडत पण बघायला हवं. आणि पुढे इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध, द्यायची का. स्किनवाल्या मेलानोमाला ती जेवढी लागू पडते तेवढी ह्याला पडत नाही, तेव्हा कुणी मामा-काका "एक इंजेक्शन की बरी" म्हणाले तर मान डोलवू नका. सुरू केलीच तर वहिनी, लूज मोशन झाले, धाप लागली तर घरातली गोळी देऊन बघत बसू नकोस, लगेच डॉक्टरांना फोन, त्या औषधाने आतडी, फुफ्फुसं सुजू शकतात.

तिला वास येत नाही हे मला तिनेच सांगितलं. वहिनी, कढईसमोर उभी राहून तुला विचारते ना, "फोडणी करपली का गं?" तू वैतागू नकोस, ती खरंच विचारत असते.

रविवारी तुमच्या साडेनऊला, माझे इथे दुपारचे दोन, मी कॉल करते. दादा, तू तिच्या शेजारी बस, मी सांगायला सुरुवात करीन, रडले तर पुढचं तू सांग.

आणि ती नाकातली चमकी कुठल्या डबीत आहे बघून ठेवा. लग्नापासून कधी काढली नव्हती, एमआरआयच्या वेळी खोबरेल तेल लावून काढावी लागली. गाठ उजवीकडे होती, चमकी डावीकडची, मग शेक संपल्यावर घालता येईल का हे पण डॉक्टरांना विचारा. भोक बुजेल म्हणून मला दोनदा विचारून झालंय तिचं.

तुमची,
छोटी