आधी नेक बघ, मग नाव

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले इलेक्ट्रिक गिटारींचे फोटो आणि किमती बघितल्या. यातली कुठली घेऊ, असं विचारलंस. फोटोवरून ते सांगता येत नाही. एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या दोन गिटारी भिंतीवर शेजारी टांगलेल्या असतात. एकीवर बोटं आपसूक पळतात आणि दुसरी पाचव्या फ्रेटवर (बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) खरखरते. वीस हजारांच्या आतल्या गिटारींत हा फरक सर्रास असतो, माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या वाद्यांत मी तो नेहमी बघते. तेव्हा नुसतं मॉडेल ठरवून थांबू नकोस. जी गिटार उचलून घरी आणणार, तीच तपासून घे. कशी तपासायची ते लिहिते, दुकानात जाताना हे पत्र फोनमध्ये असू दे.

स्वस्त गिटार स्वस्त का असते, हे आधी समजून घे. लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९५० मध्ये त्याने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आणली. दोन्हींची नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, बॉडीला चिकटवलेली नव्हती, स्क्रूंनी बसवलेली होती. भाग वेगवेगळे बनवायचे, मग जोडायचे, बिघडला तर तेवढाच बदलायचा. ही रचनाच मोठ्या संख्येने बनवण्यासाठी होती. आज लाकूड संगणकावर चालणारी यंत्रं कापतात, आणि स्वस्त गिटार आहे म्हणून ती वेडंवाकडं कापत नाहीत. इंडोनेशियात सुराबायाला कॉर्टचा कारखाना आहे. तिथे त्यांच्या स्वतःच्या गिटारी बनतात, तशा इतर नावाजलेल्या ब्रँडच्याही बनतात. मग पैसे वाचवतात कुठे? थोडे लाकडात, थोडे पिकअपमध्ये (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग), थोडे कानांमध्ये (तारा पिळायच्या खुंट्या), आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माणसाच्या हाताच्या वेळात. फ्रेटची टोकं घासून गुळगुळीत करणं, सगळे फ्रेट एका पातळीत आणणं, नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कापणं, ही कामं हाताची आहेत. आपल्या मिरजेत सतारीची जवारी लावताना तू पाहिलंस ना, घोडीवर कानस फिरवायची, तार छेडून ऐकायचं, पुन्हा घासायचं. गिटारीतलं तसंच काम स्वस्त वाद्यात राहून गेलेलं असतं.

म्हणून दोष दिसला की एकच प्रश्न विचार: हा काही शे रुपयांत सुटेल की नाही? गंजक्या तारा, उंच बसवलेला ब्रिज (बॉडीवरची तारांची घोडी), खरखरणारा जॅक (केबल खोचायची जागा), सैल नॉब, हे सुटतात. आवाज पातळ वाटला तर पिकअपही पुढे बदलता येतात. पिळलेली नेक, खालीवर असलेले फ्रेट आणि काम न करणारा ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) मात्र गिटारीच्या किमतीएवढा खर्च मागू शकतात. तुझी सगळी शंका या तिघांवर खर्च कर.

नेकपासून सुरुवात कर. गिटार आडवी धरून बॉडीच्या टोकाकडून हेडस्टॉककडे (कान बसवलेल्या टोकाकडे), बंदुकीचा नेम धरतात तसं एका डोळ्याने बघ. शेवटचा फ्रेट आणि नट एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. एक बाजू उचललेली दिसली तर नेक पिळलेली आहे. ती गिटार तिथेच ठेव, दुकानदार कितीही कमी करून देत असला तरी. मग सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि नेक बॉडीला मिळते तिथे दुसऱ्या हाताने दाब. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात जेमतेम पाव मिलिमीटर फट हवी, साधारण व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकेल इतकी. फट जास्त असेल किंवा तार टेकतच असेल तर लगेच नाकारू नकोस, प्रवासात आणि हवामानात नेक हलतेच. दुकानातल्या माणसाला ॲलन की घेऊन ट्रस रॉड पाव फेरा फिरवायला सांग आणि पुन्हा बघ. फरक पडला तर रॉड जिवंत आहे. दुकानदार रॉड फिरवायलाच तयार नसेल तर दुसरं दुकान बघ.

तळहात नेकच्या दोन्ही कडांवरून सावकाश फिरव. कोरड्या हवेत फिंगरबोर्डचं (नेकवरच्या, फ्रेट बसवलेल्या फळीचं) लाकूड आकसतं, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, म्हणून टोकं बाहेर येऊन बोचतात. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये हे फार होतं. एखाद्-दुसरं टोक टोचलं तर काळजी नको, ते घासता येतं. ओळीने सगळी बोचली तर दुसरा पीस मागव.

फ्रेटची पातळी बघायला मुदत संपलेलं एटीएम कार्ड ने. कार्डाची सरळ कड एका वेळी तीन फ्रेटवर उभी ठेवून हलव. डुगडुगली तर मधला फ्रेट उंच आहे. वरच्या बाजूला फ्रेट जवळजवळ येतात, तिथे कार्डाची आखूड बाजू लागेल, आणखी वर कार्डाचा कापलेला छोटा तुकडा. त्यानंतर ॲम्प (आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) न लावता प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजव. कंटाळवाणं आहे, दुकानातला मुलगा तुझ्याकडे बघत राहील. बघू दे. पैसे तुझे आहेत. बाराव्या फ्रेटच्या पुढे पातळ दोन तारांवर बेंडही घे, म्हणजे तार बाजूला ताणून स्वर चढव. स्वर ताणताना मध्येच गुदमरून बंद पडला तर तिथले फ्रेट सारखे नाहीत, किंवा तारा फारच खाली बसवल्यात. ब्रिजची उंची थोडी वाढवून पुन्हा बघायला सांग. तरी गुदमरला तर ती गिटार नको.

नटकडे बहुतेक जण बघतच नाहीत, आणि नवशिक्यांची सगळ्यात मोठी अडचण तिथेच असते. फोनवरच्या ट्यूनरने मोकळ्या तारा लाव, मग प्रत्येक तार पहिल्या फ्रेटवर नेहमीच्या जोराने दाबून ट्यूनर बघ. स्वर चढा येत असेल तर खाच उथळ आहे. तुझे उघडे कॉर्ड (मोकळ्या तारांसह एकत्र वाजणारे स्वर) बेसूर लागतील आणि एफ कॉर्ड पकडताना बोटं दुखतील. तू स्वतःला दोष देशील, दोष नटचा असेल. तार लावताना टिक्‌ असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारत असेल तर खाच अरुंद आहे. लोक म्हणतात कान खराब आहेत, बहुतेक वेळा कान बिचारे ठीक असतात. नटचं काम स्वस्तात होतं, तेव्हा यावरून गिटार नाकारू नकोस, किंमत कमी करून घे.

बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून छेडलेला स्वर) आणि दाबलेला स्वर एकच यायला हवा. दाबलेला चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो छोटा तुकडा) मागे न्यायचं, उतरलेला असेल तर पुढे. सॅडलला सरकायला जागा उरली आहे ना, एवढंच बघ.

आता ॲम्प लाव. प्रत्येक नॉब पूर्ण फिरव, पिकअप निवडायच्या स्विचच्या सगळ्या जागा वाजव, केबल जॅकमध्ये हलकेच हलव. सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचं) पिकअप असेल तर घरातल्या विजेची गुणगुण येणारच, तो दोष नाही. पुष्कळ स्ट्रॅटोकास्टर प्रकारच्या गिटारींत स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर ती बरीच कमी होते. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली पाहिजे. वाढली तर अर्थिंगची जोडणी चुकली आहे. तुझ्या पीजीच्या खोलीत थ्री-पिन सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, हे मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. तारांना हात लावून झिणझिण्या आल्या तर त्या जागी ॲम्प पुन्हा लावायचा नाही, बाळा. यात मला कसलीही तडजोड चालणार नाही.

नावांबद्दल विचारलंस म्हणून सांगते. यामाहाची पॅसिफिका १९९० पासून आहे, तिच्या खालच्या मॉडेलांवर माझा विश्वास आहे. ०१२ ची बॉडी अगाथिस लाकडाची, ११२ ची अल्डर लाकडाची. चांगल्या अवस्थेतली जुनी ११२ मिळाली तर मी नव्या चकचकीत गिटारीआधी ती घेईन. स्क्वायर हे फेंडरचंच स्वस्त नाव. त्यातल्या सोनिक आणि ॲफिनिटी या मालिका बघ. आयबानेझच्या जिओ मालिकेची नेक पातळ असते, तुझ्या छोट्या हाताला ती आवडेल. लाकडावर फार डोकं चालवू नकोस, पॉपलर की अल्डर यापेक्षा पिकअप आणि सेटअपचा (नेक, तारांची उंची आणि सूर यांच्या जुळणीचा) परिणाम तुला जास्त ऐकू येईल. फिंगरबोर्डवर इंडियन लॉरेल लिहिलेलं दिसलं तर नाक मुरडू नकोस, तो आपल्या सह्याद्रीत आणि विदर्भात वाढणारा ऐन. भंडारा-गडचिरोलीत टसरचे किडे याच झाडावर पोसतात. पूर्वी फिंगरबोर्डला शिसवाच्या जातीचं लाकूड असायचं. २०१७ मध्ये त्या साऱ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची बंधनं आली, आणि कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. नीट वाळवलेला ऐन चांगला टिकतो.

दोन गोष्टी टाळच. एक, तरंगता, कुलूपबंद ब्रिज (स्प्रिंगांवर तोललेला, तारा जागीच आवळणारा) असलेली स्वस्त गिटार. त्या ब्रिजचा धातू मऊ असेल तर ती सुरात राहत नाही, आणि एक तार तुटली की बाकीच्या सगळ्या चढतात. दुसरी, गिटार, ॲम्प, पट्टा, पिशवी सगळं एका खोक्यात देणारा संच. त्यातला ॲम्प बहुधा कान किटवणारा असतो आणि त्याचे पैसे गिटारीतून वळते केलेले असतात.

जुनी बघायला गेलीस तर पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारांखाली खड्डे पडलेत का बघ, आणि हेडस्टॉकच्या मागे, नटच्या जवळ, रंगात बारीक रेघ आहे का बघ. मागे झुकलेल्या हेडस्टॉकच्या गिटारी पडल्या की तिथेच तुटतात आणि चिकटवून विकल्या जातात.

वीस हजारांतले सगळे गिटारीवर घालू नकोस. पंधरापर्यंत गिटार, उरलेल्यात नव्या तारा, बरी केबल आणि एक छोटा, जुना चालेल असा ॲम्प. तारा नऊ-बेचाळीसच्या (पातळ जाडीच्या) घे, सुरुवातीला बोटांना सोसतील. सेटअप मी करते, ते पैसे वाचले.

शनिवारी जाणार असशील तर दुपारी जा, संध्याकाळच्या गर्दीत दुकानात कुणी तुला इतका वेळ देणार नाही. पैसे देण्याआधी मला व्हिडिओ कॉल कर आणि बॉडीकडून नेकवर कॅमेरा धर, मी घरीच आहे. दिवाळीला येताना गिटार घेऊन ये. नटच्या खाचा मी करीन, तोवर तिथे कुणाला कानस लावू देऊ नकोस.

तुझी
आई